पितळी बुश मोजायचा: व्हर्नियर की मायक्रोमीटर?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे पितळी बुश (फिरत्या दांड्याभोवती बसणारी पोकळ नळी) करणाऱ्या पोरांना मी आधी व्हर्नियरच, म्हणजे सरकत्या जबड्याची मोजपट्टी, हातात देतो. लांबी, बाहेरचा व्यास, आतलं भोक, खोली, सगळं एकाच हत्यारानं होतं. पण साध्या व्हर्नियरचं लघुतम माप, म्हणजे वाचता येणारं सगळ्यात छोटं माप, ०.०२ मिमी. शिवाय जबडा किती दाबला, हे ज्याच्या त्याच्या अंगठ्यावर. पातळ पितळ तेवढ्यानंही दबतं.

स्क्रू फिरवून मोजणारा मायक्रोमीटर ०.०१ मिमी दाखवतो आणि रॅचेटमुळे, म्हणजे ठरावीक दाबानंतर टकटक करत घसरणाऱ्या मुठीमुळे, दाब दर वेळी सारखा पडतो. टकटक दोन-तीनदा ऐकायचं, मग वाचायचं. मात्र बाहेरचा मायक्रोमीटर भोक मोजत नाही, आणि एकाची मजल साधारण २५ मिमीच. बुशच्या भिंतीची जाडी घ्यायची तर गोल टोकाचाच हवा. सपाट टोक आतल्या वळणात बसत नाही, माप जास्तच येतं.

खरी चूक मात्र घाईत होते. लेथवरून उतरलेला गरम बुश लगेच मोजू नका. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं: २५ मिमीचा व्यास ३० अंशांनी तापला की जवळपास ०.०१४ मिमी वाढतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हत्यार आणि बुश एकाच फरशीवर तासभर ठेवावेत. तोवर कडेचा बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कंगोरी, काढून घ्यावा.

घट्ट बसणारं बाहेरचं माप असेल तर मी मायक्रोमीटरच घेतो, तोही आधी शून्य तपासून. बाकी दिवसभर व्हर्नियर.