भूत जोलोकिया की कॅरोलिना रीपर: कुंडीत कोणती लावावी?

बियाण्यांच्या ऑनलाइन दुकानांत अतितिखट मिरच्यांची चार नावं पुन्हा पुन्हा दिसतात: भूत जोलोकिया, त्रिनिदाद मोरुगा स्कॉर्पियन, कॅरोलिना रीपर आणि पेपर एक्स. यातलं शेवटचं नाव आधीच खोडून टाका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वात तिखट मिरची म्हणून पेपर एक्सचा गिनीज विक्रम जाहीर झाला, सरासरी २६,९३,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). पण ती तयार करणारे दक्षिण कॅरोलिनातले एड करी यांनी तिचं बी विकायला काढलेलं नाही. ती मिळते ती सॉसच्या बाटलीत. तेव्हा त्या नावाचं पाकीट कुणी देत असेल, तर आत बी दुसऱ्याच कुठल्या तरी मिरचीचं असणार.

उरलेल्या तिघींचे आकडे असे. भूत जोलोकियाला २००७ साली गिनीजची मान्यता मिळाली ती १०,०१,३०४ स्कोव्हिलवर. रीपरने २०१३ साली १५,६९,३०० नोंदवले आणि नंतरच्या चाचणीत १६,४१,१८३. मोरुगा स्कॉर्पियनची २०१२ साली न्यू मेक्सिकोत चाचणी झाली तेव्हा सरासरी १२ लाखांच्या वर आली आणि एकेक फळ २० लाखांपर्यंत गेलं. आपल्या घरात येणारी गुंटूर मिरची साधारण ३५ ते ४० हजारांत असते. म्हणजे एक किलो गुंटूरचं काम चाळीसेक ग्रॅम भूत जोलोकिया करते. आपला ठेचा, रस्सा किंवा लोणचं जिथे थांबतं, त्याच्या कितीतरी पुढे या तिघी आहेत. दहा लाख आणि सोळा लाख यातला फरक जिभेला नीट सांगताही येत नाही, म्हणून नुसत्या आकड्यावरून रीपर निवडू नका.

आकड्यावर विसंबू नये याचं आणखी मोठं कारण आपल्याच देशात सापडलं आहे. आसामातल्या तेजपूरच्या भूत जोलोकियाचं बी ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत लावलं, तेव्हा तिखटपणा जवळपास निम्म्यावर आला. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली दमट, उबदार हवा या मिरचीला मानवते. त्यामुळे चिपळूण, सावंतवाडी, गोवा इथल्या माणसाच्या कुंडीत ती खुलेल. नागपूर-अकोल्याच्या उन्हात मात्र शेडनेट लावूनही एप्रिल-मेमध्ये फुलं गळतील, आणि रीपरचीही तीच गत होईल.

आता चव. माझ्या दृष्टीने निवड इथेच होते. रीपर ओठाला लागते तेव्हा आधी गोडसर, फळासारखी वाटते आणि लगेच जाळ होतो. तिची चव जाणवेपर्यंत जीभ बधिर होते. भूत जोलोकिया वेळ घेते. पहिले काही क्षण नुसता वास येतो, मग घशातून उष्णता वर चढू लागते आणि बराच वेळ उतरत नाही. या मधल्या क्षणांमुळेच ती पदार्थात वापरता येते. नागालँडमध्ये तिला राजा मिरचा म्हणतात. चुलीवर धुरावलेली मिरची, आंबवलेले बांबूचे कोंब आणि डुकराचं मटण हे तिथलं रोजचं जेवण आहे. नागा मिरचाला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नावातलं ‘भूत’ आपल्याला आपलं वाटतं खरं, पण आसामीत जोलोकिया म्हणजे मिरची, आणि ‘भोट’ हा शब्द भूतानशी जोडला जातो. रीपरच्या मागे अशी स्वयंपाकाची परंपरा नाही. तिचा जन्मच संकरातून, तिखटपणा वाढवण्यासाठी झाला. हे मी कमी लेखून सांगत नाही, एक स्थिर वाण काढायला वर्षानुवर्षं निवड करावी लागते. पण खाणाऱ्याला त्याचा उपयोग कमी.

स्कॉर्पियनविषयी थोडक्यात सांगते: त्रिनिदादच्या मोरुगा भागातली, बुटकी, गाठाळ फळांची. रीपर आवडणाऱ्याला ही आवडेल. पहिल्यांदाच लावणाऱ्याने हिच्यापासून सुरुवात करू नये.

तिन्ही झाडं एकाच जातकुळीतली आहेत, आपल्या लवंगीपेक्षा वेगळ्या, त्यामुळे सवयीने लवंगीसारखी अपेक्षा ठेवलीत तर वैतागाल. बी उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, कधी चारही. रोप सुरुवातीला हलतच नाही असं वाटतं. मेच्या सुरुवातीला पेरलं तर पिकलेली फळं दिवाळीनंतर हाती येतात. रोप विकत घेणार असाल तर फुलं बघा: एकाच पेरावर दोन-तीन फुलं असली आणि पाकळ्या हिरवट पांढऱ्या असल्या तर ते बहुतेक या जातीचं आहे. लवंगीला सहसा पेरागणिक एकच फूल असतं. बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, मात्र दोन्हीकडे सारखाच येतो, पानं आकसू लागली की फुलकिडे आणि कोळी आधी तपासा.

वापराच्या बाबतीत भूत जोलोकियाला आणखी एक फायदा आहे. तिची साल पातळ असते, त्यामुळे ती लवकर सुकते. चिमटीभर सुकी मिरची मीठ-तिळाच्या चटणीत वर्षभर पुरते. तिखट बियांत असतं हा गैरसमज सोडा. ते आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतं, आणि या मिरच्यांत तर सालीच्या आतल्या बाजूलाही. म्हणून बिया काढून टाकल्या तरी या मिरच्या निवत नाहीत. फोडणीत कधीच टाकू नका, अख्ख्या घराला खकाणा होईल. रस्सा उकळत असताना देठासकट अख्खी, न फोडलेली मिरची सोडा आणि पाच मिनिटांत काढून घ्या. चिरायचीच असेल तर हातमोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका. तोंड पोळलं तर पाण्याने काही होत नाही, कारण ते तिखट पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

अख्खी रीपर खाऊन दाखवण्याच्या पैजा लागतात, त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. अमेरिकेत एका ३४ वर्षांच्या माणसाने स्पर्धेत रीपर खाल्ली आणि पुढच्या काही दिवसांत त्याला असह्य डोकेदुखीचे झटके आले. मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसल्या होत्या. ही केस २०१८ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. तो बरा झाला, पण घरात लहान मुलं, दमेकरी किंवा अल्सर असलेलं कुणी असेल तर रीपर आणि स्कॉर्पियन लावूच नका. भूत जोलोकियाही हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

माझी निवड भूत जोलोकिया. आसाम-नागालँडकडून आलेलं बी मिळवा, एकच कुंडी ठेवा. रीपर घ्यावी ती सॉस करणाऱ्याने. व्हिनेगर, आंबा किंवा अननस असला की तिचा गोडसर वास टिकतो आणि एका फळात तीन-चार बाटल्या होतात. दोन्ही लावायच्या असतील तर कुंड्या लांब ठेवा आणि बी धरायच्या फुलावर उमलण्याआधीच मलमलीची पिशवी बांधा. मधमाश्यांनी संकर केला तरी या वर्षीची फळं वाणाप्रमाणेच येतील, पण त्यांच्या बियांतून पुढच्या वर्षी काय उगवेल ते सांगता येणार नाही.