‘मंजूर’मधला जू दीर्घ असतो

51,650 रुपये. दादाच्या आजारपणात एवढ्याला मी फसले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण बोलता बोलता मी तो कमी करते. नवऱ्याला पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी चाळीस हजार म्हणाले, आईला वीस. दादाला काय सांगितलं ते शेवटी लिहीन.

1,100 नोंदणी. 6,500 राहण्याची व्यवस्था. 7,500 फाईल. 24,750 प्रक्रिया शुल्क. 11,800 ‘वितरण शुल्क, जीएसटीसह’. पाच वेळा पैसे पाठवले, आणि पाचही वेळा माझ्याच अंगठ्याने.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं शिकवते. पालकसभेत ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ हे भाषण मीच देते. म्हणून हसायचं असेल त्यांनी आताच हसून घ्या. पण एक ऐका, माझ्याकडे ओटीपी कुणी मागितलाच नाही. लिंक पाठवली नाही, वीज तोडायची धमकी दिली नाही, व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस आणला नाही. मला कुणी घाबरवलं नाही हो. मला मदत केली.

जूनमध्ये दादाच्या गालाच्या आतला फोड बरा होईना म्हणून परभणीत दाखवलं. तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट आला, डॉक्टर म्हणाले मुंबईला न्या, टाटाला. (गुटख्यावर या राज्यात 2012 पासून बंदी आहे. आमच्या शाळेच्या फाटकापासून टपरी किती पावलांवर आहे ते मी मोजलेलं आहे, पण तो वेगळा विषय.) परळला कुठे उतरायचं, राहायचं कुठे, खर्च किती, पैसे कुठून आणायचे, यातलं काहीही आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. रात्री दीड वाजता मी फोनवर ‘कॅन्सर पेशंट मदत मुंबई राहण्याची सोय’ असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्याला फोन लावला. त्याच्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं. म्हणजे पैसे भरून वर आलेली जाहिरात. रात्री दीड वाजता, शेजारच्या खोलीत भाऊ कण्हत असताना, बारीक अक्षरं कोण वाचतं?

रात्री दीडला फोन उचलला गेला. तिथेच मी अर्धी गेले. सरकारी दवाखान्यात दुपारी बारालाही कुणी उचलत नाही.

माणूस सुसंस्कृत बोलायचा. ‘ताई, पेशंटला फक्त घेऊन या, बाकी आमच्यावर सोडा.’ स्वतःला ‘रुग्ण समन्वयक’ म्हणवायचा. दादाला जेवता येतं का, तोंड किती बोटं उघडतं, सगळं विचारलं त्याने. नात्यातल्या एकानेही तोवर हे विचारलेलं नव्हतं. सगळे फक्त ‘गुटखा खायचा का’ एवढंच विचारत होते.

1,100 आणि 6,500 आमच्या सेलूहून निघायच्या आधीच गेले. देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरलो तर फलाटावर खरंच एक पोरगा उभा. त्याने बॅगा उचलल्या, दादाला गार दूध आणून दिलं, टॅक्सीने एका धर्मशाळेत नेलं, आमचे कागद घेऊन रांगेत उभा राहिला आणि दुपारपर्यंत खाट मिळवून दिली. मी त्याला वर शंभर रुपये दिले. ओवाळायचीच बाकी ठेवली होती.

पावती हातात आली ती रोजच्या शंभर रुपयांची, दोघांची मिळून. मी पोराला विचारलं, मग 6,500? ‘ते ट्रस्टचं डिपॉझिट, ताई.’ पुढे कळलं की रुग्णालयाचा कागद आणि ओळखपत्र घेऊन कुणीही त्या रांगेत उभं राहू शकतं. धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना या टोळीचा पत्ताही नव्हता. म्हणजे मी 6,500 रुपये रांगेत उभं राहायला दिले. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, ही नावं तेव्हा मला कुणी सांगितली असती तर! लहान मूल आजारी असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे कुटुंबाला राहायला पैसे लागत नाहीत. पण जागा भरलेली असते, नंबर लावावा लागतो, आणि ‘दोन दिवस थांबा’ हे खरं बोलणाऱ्यापेक्षा ‘लगेच करतो’ म्हणणारा आपल्याला देव वाटतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

ट्रस्टकडून उपचाराला मदत मिळवून देण्याच्या फाईलचे 7,500 गेल्यावर आठवड्याभरात मोबाईलवर मंजुरीपत्र आलं. अशोकस्तंभासारखं काहीतरी चिन्ह, खाली ट्रस्टचं नाव, नोंदणी क्रमांक, गोल शिक्का. ‘आपणांस कळविण्यात आनंद होतो की, सदर रूग्णास रक्कम रु. 3,00,000 मंजुर करण्यात आली आहे.’

मंजुर. ऱ्हस्व. आणि ‘रूग्ण’ दीर्घ.

मी मराठी शिकवते. चौथीच्या वह्यांत या दोन शब्दांभोवती मी लाल गोल किती वेळा काढला असेल! त्या दिवशीही डोळा थेट तिथेच गेला. शपथेवर सांगते, मी दोन्ही चुका बघितल्या. ओपीडीच्या बाहेर बाकावर बसले होते, दादा आत होता, हातात पेन नव्हतं नाहीतर सवयीने गोल काढला असता. आणि मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, म्हणजे सरकारी कागद दिसतोय. चूक बघून विश्वास वाढला! इतकी वर्षं सरकारी परिपत्रकं वाचल्याचा हा परिणाम.

तेवढ्यावर थांबले असते तरी 36,550 वाचले असते. पण 24,750 भरताना पडद्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं ते ट्रस्टचं नव्हतंच. कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं होतं. मी फोन करून विचारलं. विचारलं हो मी! तो म्हणाला, ‘खजिनदारांचं खातं आहे ताई, ट्रस्टचं खातं ऑडिटला अडकलंय.’ आणि 24,750 हा आकडा कसा, तर तीन लाखांच्या सव्वाआठ टक्के. मी तिथेच कागदावर गुणाकार करून बघितला. बरोबर आला. गणित जमलं म्हणून समाधान वाटलं. बुद्धी कुठे चालवायची आणि कुठे नाही, हे त्या दिवशी सगळं उलटं झालं होतं.

त्याहून मोठी खूण वेगळीच होती. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘ताई, सोशल वर्करकडे जाऊ नका. एक पेशंट, एक फाईल. डबल एंट्री दिसली की दोन्हीकडून रिजेक्ट.’ मी ज्या बाकावर बसून पैसे पाठवले तिथून समाजसेवा विभागाकडे जाणारा बाण दिसत होता. रोज दिसत होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे, न जाणो कुणी विचारायचं आणि फाईल बाद व्हायची. कुणी तुम्हाला रुग्णालयातल्याच माणसाशी बोलू नका म्हणाला, तर तो चोर आहे. बाकी काही तपासू नका, तेवढं पुरे.

11,800 गेले, मग त्याने ‘टीडीएस’चे 19,200 मागितले. ते माझ्याकडे नव्हते म्हणून वाचले. मी शहाणी झाले म्हणून नव्हे. उसने मागायला मुख्याध्यापकांना फोन करणार होते. खाटेच्या शेजारच्या बाई, बुलढाण्याच्या, नवऱ्याला घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या, त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, ‘माय, पैसे देणारा पैसे मागत असतो का कधी?’ आणि हाताला धरून मला त्या बाणाच्या दिशेने नेलं.

आतल्या मॅडमनी पत्र बघितलं, काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, रेशनकार्ड कोणतं? केशरी, मी म्हटलं. मग त्यांनी वीस मिनिटांत जे सांगितलं ते माझ्या मते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, तो आपलं काम फुकट करून देतो, फोन 155388. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज फुकट, आणि पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, तुमच्या नाही, कुठल्या ‘समन्वयका’च्या तर नाहीच नाही. पंतप्रधान निधीचंही तसंच. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, त्या मागाव्या लागतात, आपणहून कुणी देत नाही. रेल्वेत उपचाराला जाताना कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट माफ आहे, रुग्णालयाचा ठरलेला फॉर्म लागतो. आम्ही दोघं पूर्ण तिकीट काढून आलो होतो.

शुल्क या शब्दाचा उच्चारही त्या वीस मिनिटांत झाला नाही.

बाहेर येऊन त्याला फोन लावला. बंद. पोरगा, बंद.

आता तक्रारीचं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला मी चौथ्या दिवशी फोन केला. तोच मला पहिल्या तासात करायला हवा होता. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारायच्या आत गोठवायचे असतात. तक्रार क्रमांक मिळाला. पुढे कळलं, त्या दुकानाच्या खात्यात 412 रुपये उरले होते, तेवढे गोठले. चारशे बारा! माझ्या बँकेत गेले तर साहेब मान वर न करता म्हणाले, ‘व्यवहार तुम्हीच केलाय, मॅडम. यात फ्रॉड कुठे?’ मुंबईतल्या चौकीत सांगितलं, पैसे जिथून गेले तिथे जा. गावाकडच्या ठाण्यात सांगितलं, माणूस मुंबईचा आहे, तिथे जा. चार खेपा झाल्या. एका खेपेला दोन तास बाकड्यावर बसवून हवालदारांनी विचारलं, ‘शिक्षिका ना तुम्ही?’ त्यांना उत्तर नको होतं. नंतर एका वकील मैत्रिणीने सांगितलं की नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. हे मी त्यांना छापून दाखवलं. ते म्हणाले, ‘ठेवा इथे.’ ठेवलं. बहुतेक अजून तिथेच आहे. अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी पहिल्या दोन वेळा उठले.

पत्रावरचा नोंदणी क्रमांक शोधला तर तो खरा निघाला! दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका मंदिराच्या न्यासाचा. मी तो आधी शोधला असता तर पाच मिनिटं लागली असती. नोंदणीच्या एका कचेरीत विचारलं तर उत्तर, ‘ही संस्था आमच्याकडे नाहीच, मग कारवाई कुणावर करायची?’ जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला कळवलं. त्यांच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही म्हणे. जाहिरात अजून दिसते, आता फोटो बदललाय.

पैसे गेले ते गेले. पण मी त्याला आणखी एक गोष्ट दिली होती. ‘फाईलला पेशंटचा फोटो लागेल ताई, नळी दिसेल असा.’ मी दादाचा नाकात नळी घातलेला फोटो काढून पाठवला. दादा नको म्हणत होता, मान हलवत होता. मीच म्हटलं, गप्प बस, कामाचा आहे. सोबत आधार, रेशनकार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, सगळं.

ऑगस्टअखेर पुण्याच्या आतेभावाचा फोन आला. त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर मदतीचं आवाहन आलं होतं. तोच फोटो. नाव दुसरं, गाव दुसरं, वय 38, ‘दोन चिमुकल्या मुलींचा बाप’. दादा 46 चा आहे, त्याला मुलगी नाही. आतेभावाने घाईत 500 रुपये पाठवूनही दिले होते, आणि मग चेहरा नीट बघितला. म्हणजे आमच्याच माणसाने, आमच्याच दादासाठी, त्याच चोराला! किती लोकांनी दिले असतील कुणास ठाऊक. त्या लोकांच्या लेखी फसवणारे आम्हीच.

तेव्हापासून मला रोज फोन येतात. जडीबुटीवाले, ‘ऑपरेशनशिवाय बरं करतो’वाले. काल एकजण म्हणाला, बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त 2,500 भरा. कागद पाठवायचाच झाला तर त्यावर आडवं लिहा, कशासाठी, कुणाला, तारीख काय. आणि माणसाचा असा फोटो कुणालाही देऊ नका. खऱ्या मदतीला रिपोर्ट पुरतो. इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईतल्या जुन्या संस्था आहेत, त्यांच्याकडे जायचं तरी नंबर रुग्णालयातून घ्या, रात्रीच्या शोधातून नको.

दादाचं ऑपरेशन झालं, योजनेतूनच. बोलता येत नाही अजून, म्हणून मी शाळेतली पाटी नेऊन दिली. एका संध्याकाळी त्याने पाटीवर लिहिलं, ‘किती गेले?’ मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 7,600. सेलूहून निघायच्या आधीचे तेवढेच त्याला ठाऊक होते. त्याने बराच वेळ पाटी बघितली आणि हाताने पुसली. आमच्या गावचं कुणी हे वाचत असेल तर दादाला भेटायला जरूर जा. फक्त खरा आकडा त्याच्या कानावर घालू नका.