पाकिटातली कार्डं मोबाईलमध्ये भरल्यावर: काही महिन्यांचा अनुभव

खरेदीवर पॉइंट्स देणारी दुकानांची लॉयल्टी कार्डं एका कार्ड-ॲपमधून मोबाईलमध्ये भरून आता काही महिने झाले. ॲप चालेल याची खात्री होती, शंका होती ती काउंटरवरच्या स्कॅनरची. ती अगदीच खोटी निघाली नाही.

स्कॅनर साधारण दोन जातींचे. जुन्या जातीत लाल लेझरची रेघ बारकोडवरून फिरते आणि परत आलेल्या उजेडावरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळखते. प्लॅस्टिकच्या कार्डावर हे छान जमतं. मोबाईलच्या काचेवरून मात्र तो उजेड आरशावर पडल्यासारखा भलतीकडेच जातो. ब्राइटनेस वाढवा, फोन तिरका धरा, ‘बीप’ वाजेलच असं नाही. दुसरी जात कॅमेऱ्यासारखी, चित्र टिपून वाचणारी. तिला स्क्रीनवरचा कोड सहसा पहिल्या झटक्यात कळतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याच स्कॅनरने क्यूआर कोड वाचतात का ते बघायचं. वाचत असतील तर निश्चिंत राहा, कारण लेझरच्या एका रेघेला क्यूआर वाचता येत नाही.

लेझरवाला काउंटर असला की मी आता फोन पुढे करतच नाही. कोडखालचे आकडे मोठे करून कॅशिअरला दाखवते, तो टाइप करतो. आकडे टाइप करताना चूक होईल ही भीती फारशी बाळगू नका. कार्डावर १३ अंकी ईएएन कोड (दुकानातल्या वस्तूंवर असतो तसा बारकोड) असेल तर शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर मशीन तो कोड घेतच नाही. म्हणून माझ्या लेखी कार्ड-ॲपची पहिली परीक्षा हीच: आकडे ठळक दिसतात का? काही ॲप्स ते इतके बारीक दाखवतात की कॅशिअरला फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ न्यावा लागतो.

मी वापरते ते कॅटिमा. अँड्रॉइडवर चालतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा प्रोग्राम कुणालाही बघता येतो), जाहिराती नाहीत. कार्ड उघडलं की ब्राइटनेस आपोआप वाढतो, कोडवर टॅप केलं की तो स्क्रीनभर होतो. कार्डं फोनमध्येच राहतात, त्यामुळे तळघरातल्या दुकानात रेंज गेली तरी काम अडत नाही. रोजच्या कार्डांना स्टार दिला की ती यादीत वर येतात. दिसायला ॲप साधंच आहे, पण मागे रांग उभी असताना देखणेपणा कोण बघतो?

कार्ड भरताना एक गोष्ट जपा. कॅमेऱ्याने कोड नीट वाचला नाही आणि आकडे हाताने घातले, तर कोडचा प्रकारही आपल्यालाच निवडावा लागतो. प्रकार भलता निवडला तर आकडे तेच राहतात, पट्ट्या मात्र वेगळ्या उमटतात, आणि दुकानाची सिस्टिम ते कार्ड नाकारू शकते. मूळ कार्डाशेजारी फोन धरून पट्ट्या जुळतात का, हे घरीच बघून घ्यावं. डार्क मोडमध्येही कोडमागे पांढरी चौकट हवीच. काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या बऱ्याच स्कॅनरना वाचता येत नाहीत. बाजूने बघणाऱ्याला स्क्रीन काळी दिसावी म्हणून लावतात ती प्रायव्हसी काच असेल, तर फोन स्कॅनरसमोर अगदी सरळ धरायचा.

आता दुकानांच्या स्वतःच्या ॲप्सबद्दल. यांचं नाव काढलं तरी कपाळावर आठी येते. एका साखळी दुकानाचं ॲप उघडलं की आधी ऑफरचं पोस्टर, ते बंद केलं की अपडेटची सूचना, तीही टाळली की लॉगिन संपलेलं. मग ओटीपीची वाट बघत उभं राहायचं, तोवर कॅशिअरने बिल काढलेलं असतं. काही दुकानांचा कोड तर दर थोड्या वेळाने बदलतो. तिथे स्क्रीनशॉट किंवा कार्ड-ॲप दोन्ही निरुपयोगी, त्यांचंच ॲप उघडावं लागतं. अशा दुकानात मी रांगेत असतानाच ते उघडून ठेवते, किंवा पॉइंट्सवर पाणी सोडते.

ॲपल आणि गूगलच्या वॉलेटमध्येही अशी कार्डं ठेवता येतात. ॲपलचं तर २०१२पासून आहे, तेव्हा नाव पासबुक होतं. आधीपासून पेमेंटसाठी वॉलेट वापरत असाल तर वेगळं ॲप कशाला घ्या. पण कुठलंही निवडा, कार्डं बाहेर काढून घेता येतात का, हे आधी तपासा. स्टोकार्ड हे याच कामाचं नावाजलेलं ॲप क्लार्ना या पेमेंट कंपनीने २०२१मध्ये विकत घेतलं. आज आवडलेलं ॲप उद्या कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. कॅटिमात सगळी कार्डं एका झिप फाइलमध्ये एक्स्पोर्ट होतात, फोन बदलला की ती फाइल टाकायची आणि मोकळं व्हायचं.

‘आपली माहिती सुरक्षित’ असं काही जण या ॲप्सबद्दल लिहितात, ते अर्धंच खरं. ॲपने काही गोळा केलं नाही तरी कार्ड स्कॅन झालं की दुकानाला आपली खरेदी कळतेच. त्यासाठीच तर ते पॉइंट्स देतात.

पाकिटात आता दोनच कार्डं उरलीत. एकाच्या मागे चुंबकीय पट्टी आहे, दुसऱ्यात चिप. दोन्हींवर बारकोड नाही, त्यामुळे ती ॲपमध्ये जाणार नाहीत.