इथाकाचे चढ, एक सेकंडहँड हायब्रीड आणि बर्फातले बूट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

इथाकात (अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं विद्यापीठाचं गाव) सायकल घ्यावी का, हे घर कुठे आहे त्यावर ठरतं. गावाचा सपाट भाग कायुगा तलावाच्या दक्षिण टोकाला आहे आणि तीन बाजूंनी टेकड्या. पूर्वेच्या टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ, दक्षिणेच्या टेकडीवर इथाका कॉलेज. तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ११६ मीटर. डाउनटाउनहून कॉर्नेलच्या मुख्य चौकात जायचं तर अंतर दीड-दोन किलोमीटर आणि चढ साधारण १२० मीटर. हे रोज करायचं. पर्वती चढून तयार झालेले पाय कामाला येतात, पण पर्वतीवर कोणी लॅपटॉप आणि डबा घेऊन लेक्चरच्या वेळेवर पोचत नसतं.

सायकल अशी: अ‍ॅल्युमिनियमची हायब्रीड, १४ किलो, ७००×३८ टायर, पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे ८ गिअरची ११-३२ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच, सगळ्यात छोटी ११ दात्यांची, मोठी ३२ ची), केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. पहिल्याच महिन्यात कॅसेट ११-३४ केली. हलक्यात हलका गिअर (पुढचे दाते भागिले मागचे) ०.८७ वरून ०.८२ वर आला. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशोब बघा. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले, तर १० टक्के चढावर २८-३४ मध्ये मिनिटाला ६० पेडल मारायला १७० वॉट लागतात. पुढे मधली ३८ ची आणि मागे ३२ दात्यांची चकती घेऊन तेवढेच फेरे मारायचे तर २४५ वॉट. पहिलं काम माणूस धापा टाकत का होईना करतो, दुसरं दोन मिनिटांत उतरवतं. म्हणून इथे पुढे एकच मोठी चकती असलेली देखणी सायकल घेऊ नका, आणि सिंगल-स्पीड तर नाहीच.

कॅसेट बदलताना चेनची लांबी तपासायलाच हवी. चेन डिरेलरमधून (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) न ओवता पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गुंडाळा. घट्ट बसल्यावर वर निदान दोन कड्या उरल्या पाहिजेत. न उरल्या आणि चुकून मोठा-मोठा गिअर पडला, तर डिरेलरचा हूक वाकतो. मागचा डिरेलर ३४ दात्यांना चालतो का, तेही आधी बघा. जुने काही ३२ लाच थांबतात.

दुसरी खोड पुढच्या गिअरची. चढ लागल्यावर घाईत मधल्या चकतीवरून छोटीवर गेलं की चेन आत पडते, नेमकी मागे बस असताना. कारणं दोन: पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर टाकणं आणि पुढच्या डिरेलरचा आतल्या मर्यादेचा स्क्रू (चेनला फार आत जाऊ न देणारा) सैल असणं. मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन ठेवून पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याची आतली पट्टी आणि चेन यांत अर्धा मिलिमीटर फट राहील इतका स्क्रू कसा. आणि गिअर चढाच्या आधी, सपाटीवरच टाका.

रस्ता निवडणं हे गिअरइतकंच महत्त्वाचं. बफेलो स्ट्रीट सरळसोट वर जातो, नकाशात सगळ्यात जवळचा दिसतो, त्यावर सायकल ढकलावीच लागते. युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यू दफनभूमीच्या कडेने वळत जातो. थोडा लांब, पण बसून चढता येतो.

चढाचं एवढं बोलून झालं, पण खर्च सगळा उतारावर होतो. ९० किलो वजन १२० मीटर खाली येतं तेव्हा एक लाखाहून जास्त ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. हळू उतरलात तर ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते. तेवढ्या उष्णतेत साधारण ३०० मिली पाणी उकळीला येईल. त्यामुळे पूर्ण उतारभर ब्रेक घासत ठेवायचा नाही. वेग थोडा वाढू द्यायचा, दोन्ही ब्रेक जोरात दाबून तो खाली आणायचा, सोडायचा, पुन्हा तेच. पुढच्या पॅडचा पहिला जोड डिसेंबरात संपला, मागचा मार्चपर्यंत गेला.

केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये (पॅड धरणारी पकड) बाहेरचा पॅडच हलतो, आतला स्थिर असतो. पॅड झिजला की लोक नुसती केबल ताणतात. मग बाहेरचा पॅड रोटरला (चाकावरच्या ब्रेकच्या तबकडीला) वाकवून आतल्यावर टेकवतो आणि लिव्हर मुठीपर्यंत येतो. आधी चाकाच्या बाजूने अ‍ॅलन की घालून आतला पॅड रोटरला लागेल न लागेल इतका पुढे आणायचा, मगच केबल. पॅडवरचा घासणारा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदला. ओल्यात धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, पण ओरडतात; आणि रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असेल तर ते लावायचे नाहीत, रोटर खाऊन टाकतात.

हिवाळ्यात खरा शत्रू बर्फापेक्षा मीठ. रस्त्यावर टाकलेलं मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर चेनमध्ये, केबलच्या आवरणात, पेडलच्या बेअरिंगमध्ये शिरतं. कोरड्या हवेचं पातळ तेल (ड्राय ल्यूब) इथे एका फेरीत धुऊन जातं. ओल्या हवेचं जाड तेल घ्या, आणि आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुऊन, पुसून, मग तेल. ओली सायकल रात्री बाहेर राहिली की आवरणातलं पाणी गोठतं आणि सकाळी गिअर हलत नाही. कडाक्याच्या थंडीत फ्रीहबमधलं (मागच्या चाकाचा, पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) घट्ट ग्रीस आतल्या खुंट्यांना चिकटवून ठेवतं. पेडल फिरतं, चाक नाही. चढावर उभं राहून जोर देताना हे झालं तर माणूस दांड्यावर आदळतो. हब उघडून पातळ तेल घातलं की जातं.

खिळ्यांचे टायर घेतलेत तर पहिले ४० किलोमीटर डांबरावर हळू चालवा, म्हणजे खिळे जागी बसतात. बर्फावर हवा थोडी कमी ठेवा, तरच कडेचे खिळे टेकतात. मात्र १० टक्के उतारावरच्या पारदर्शक बर्फाला खिळेही पुरत नाहीत. त्या दिवशी पायी.

पायी चालण्यासाठी चेन आणि १० मिलिमीटरच्या टोकांचे रबरी पट्ट्यांवरचे स्पाइक बुटावर चढवायचे. ते वर्गात शिरण्याआधी काढलेच पाहिजेत; गुळगुळीत फरशीवर त्यांच्यावरून माणूस बर्फापेक्षा वाईट घसरतो. कोरड्या काँक्रीटवर चालून टोकं बोथट होतात. कॅस्काडिला दरीतली वाट डाउनटाउनहून थेट कॅम्पसला नेते, धबधब्यांच्या कडेने, पण दगडी पायऱ्यांवर बर्फ साचतो म्हणून हिवाळ्यात बंद असते. ती धरून घर निवडू नका. फुटपाथवरचा बर्फ ज्या त्या घरमालकाने काढायचा असतो, त्यामुळे एक तुकडा कोरडा आणि पुढचा काच.

सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे बसने वर, सायकलने खाली. टीकॅटच्या (इथली सार्वजनिक बससेवा) बसला पुढे सायकल ठेवायचा रॅक असतो. ड्रायव्हरला खुणेने सांगा, रॅक खाली ओढा, चाकं खोबणीत ठेवा, स्प्रिंगचा हात पुढच्या टायरवर ओढा. पूर्ण लांबीचं मडगार्ड असेल तर हात टायरऐवजी मडगार्डवर बसतो आणि ते मोडतो. आमच्याकडचं प्लॅस्टिकचं असंच गेलं. आता पुढे छोटं, मागे पूर्ण.

पाठीवरची सॅक चढावर घामाने भिजते आणि थंडीत तोच घाम गोठवतो. कॅरिअर आणि बाजूची पिशवी घ्या. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो, म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायमचा बसवून टाका. ई-बाईक हवीच असेल तर मोटर पेडलजवळची घ्या, आणि बॅटरी शून्याखालच्या थंडीत चार्ज करू नका, घरात आणून गरम होऊ द्या.

जुनी सायकल मे महिन्यात घ्या, मुलं गाव सोडताना विकून जातात. ऑगस्टमध्ये तीच महाग मिळते. बघताना पट्टी सोबत ठेवा. चेनच्या एका पिनपासून पुढच्या २४ व्या पिनपर्यंत नव्यात ३०५ मिलिमीटर भरतात. ३०६ च्या वर गेली तर चेन बदलायची, ३०८ झाली तर कॅसेटही गेली समजा आणि किंमत तेवढी कमी करून मागा.