चौदा, पंधरा की सोळा इंच? छोट्या गाडीच्या चाकांचा वजनासह आढावा

तिसऱ्या पिढीच्या पेट्रोल स्विफ्टला कंपनीकडूनच दोन मापांची चाके मिळत असत. खालच्या मॉडेलला पत्र्याच्या डिस्क, म्हणजे पोलादी चाके आणि 165/80 आर 14 टायर, तर वरच्या मॉडेलला अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमची चाके आणि 185/65 आर 15 टायर. (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत.) आमची गाडी खालच्या मॉडेलची असल्याने मूळ टायर झिजल्यावर पंधरा इंची ओतीव अलॉयचा संच आणि त्यावर 185/65 चे टायर बसवून घेतले. मेव्हण्यांच्या अशाच गाडीला बाहेरून घेतलेली सोळा इंची चाके आणि 195/55 आर 16 टायर आहेत. शहर, पन्हाळ्याचा चढ, गगनबावड्याचा रस्ता आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग या सर्व ठिकाणी दोन्ही गाड्या आलटून-पालटून चालवल्यावर जे जाणवले, ते येथे नोंदवीत आहे.

कोल्हापुरात कावळा नाक्याजवळच्या ज्या दुकानातून हे काम करून घेतले, तेथील एक गोष्ट आवडली. चाक घेण्यापूर्वी त्याचे वजन करून मिळेल का, असे विचारल्यावर मालकांनी आढेवेढे न घेता आतून इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि “बघूनच घ्या साहेब, खोक्यावर वजन कुणीच छापत नाही,” असे म्हणून टायरसह तिन्ही मापांची चाके एकामागून एक त्यावर ठेवली. आमचे जुने चौदा इंची चाक साडेतेरा किलोच्या आसपास, नवे पंधरा इंची साडेचौदा आणि मेव्हण्यांचे सोळा इंची सतरा किलो भरले. पंधरा इंचाला चाकामागे एक किलोचा, तर सोळा इंचाला साडेतीन किलोचा भार वाढतो. ‘अलॉय म्हणजे हलके’ ही समजूत किती ढिली आहे, हे त्या काट्यानेच दाखवले. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा हलके असले तरी ओतीव चाकाची जाडी वाढवावी लागते, आणि व्यास व रुंदी वाढली की धातूही वाढतो. बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतकामावर उभ्या राहिलेल्या या शहरात ओतीव वस्तूचे वजन विचारायला कुणी संकोचू नये. तरीही चाके विकणारे बहुतेक उत्पादक व्यास, रुंदी आणि रंग ठळक छापतात आणि वजन मात्र वगळतात, याबद्दल माझी तक्रार आहे.

आता पिकअपविषयी. फिरणाऱ्या चाकातील एक किलो म्हणजे गाडीतील चार-पाच किलो, असे अनेकदा ठामपणे सांगितले जाते आणि ते चुकीचे आहे. चाकाला पुढे ढकलण्याबरोबरच फिरवावेही लागते, म्हणून वेग घेताना त्याचे वजन जास्त मोजावे लागते, हे खरे. पण सगळे वजन अगदी कडेला असले तरी हा भार दुपटीपलीकडे जाऊ शकत नाही, आणि खऱ्या चाकात तो दीडपट ते पावणेदोनपटीच्या घरात राहतो. सोळा इंची संचाचे जादा वजन चौदा किलो धरले, तर वेग घेताना ते सुमारे चोवीस किलोसारखे वागते. दोन माणसांसह हजार किलोहून थोड्या जड असलेल्या गाडीत हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे मागच्या सीटवर सात-आठ वर्षांचे मूल बसवल्याइतका. सिग्नलवरून निघताना तो बारकाईने पाहिल्यास जाणवतो. पण चाके बदलल्यामुळे गाडी ‘मेली’ असे कुणी म्हणत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. शिवाय पन्हाळ्याच्या चढावर एका ठरावीक वेगाने गाडी जात असताना फिरण्याचा हा जादा हिशेब लागतच नाही. तेथे चाकाचे वजन साध्या ओझ्याइतकेच मोजले जाते.

ते दुसरे कारण बहुतेक वेळा टायरच्या बाहेरच्या व्यासात असते. हिशेब सोपा आहे: रिमचा व्यास अधिक टायरच्या बाजूच्या भिंतीची दुप्पट उंची. त्यानुसार 165/80 आर 14 चा व्यास सुमारे 620 मिलिमीटर, 185/65 आर 15 चा 621.5 आणि 195/55 आर 16 चा 621 येतो. तिन्ही जवळजवळ सारखे असल्याने गिअरचे गणित आणि स्पीडोमीटर बिघडत नाहीत. गाडी उंच दिसावी म्हणून कुणी 205/65 आर 15 बसवले, तर व्यास 647 च्या वर जातो, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक. मग प्रत्येक गिअर तितका लांब होतो, म्हणजे इंजिनाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते पण चाकाला जोर कमी मिळतो, आणि 113 न्यूटन मीटर टॉर्कच्या 1.2 लिटर इंजिनाला घाटात दुसऱ्या गिअरमध्ये दम लागतो. स्पीडोमीटरच्या काट्याने शंभर दाखवला की गाडी प्रत्यक्षात त्याहून वेगात असते. किलोमीटरही कमी नोंदले जात असल्याने अॅव्हरेज कागदावर खऱ्यापेक्षा वाईट दिसते, आणि मालक विनाकारण गॅरेजच्या चकरा मारतो.

वजनाचा खरा परिणाम पिकअपपेक्षा सस्पेन्शनवर होतो, आणि कोल्हापूरकरांनी जास्त विचार याचा करावा. चाक, टायर, ब्रेक आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) यांचे वजन स्प्रिंगच्या खालचे असते. खड्डा आला की हा सगळा भार वर उसळतो आणि त्याला परत रस्त्याला टेकवण्याचे काम स्प्रिंग व शॉकअबकडे येते. गाडीच्या एकूण वजनात साडेतीन किलो नगण्य वाटतात. पण एका चाकाच्या हिश्श्याला येणाऱ्या या स्प्रिंगखालच्या भारात त्यांनी मोठी भर पडते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर सोळा इंची गाडीचे पुढचे चाक एकेका खड्ड्यानंतर दोनदा आपटते. आमचे पंधरा इंची चाक जमिनीला टेकवून धरणे सोपे जाते. त्यात टायरची भिंतही महत्त्वाची आहे. चौदा इंचाला ती 132 मिलिमीटर, पंधराला 120 आणि सोळाला 107 मिलिमीटर उंच असते. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये मूळ टायरपेक्षा पंचवीस मिलिमीटर रबर कमी, हे पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यांसाठी महागात पडणारे माप आहे. पत्र्याची डिस्क वाकली तर ठोकून सरळ करता येते. ओतीव अलॉयला तडा गेला, तर तो वेल्डिंगने भरून गाडी महामार्गावर नेण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

सोळा इंचाच्या बाजूनेही बोलायला हवे. गगनबावड्याकडच्या वळणांवर मेव्हण्यांची गाडी आमच्यापेक्षा सरळ उत्तर देते. स्टिअरिंग वळवल्यावर टायरची भिंत लवचिकपणे झुकण्यात वेळ घालवत नाही. दिसायलाही ती उजवी आहे, आणि हौसेला मोल नसते. मात्र कुटुंबासाठी रोज वापरायच्या छोट्या गाडीला मी पंधरा इंचापलीकडे जाणार नाही. पंधरा इंची संचावर कोपऱ्यांतली पकड आणि ब्रेक मूळ चौदा इंचापेक्षा स्पष्टपणे सुधारले. रस्त्यावरची टायरची घरघर मात्र किंचित वाढली. अॅव्हरेजमध्ये जो थोडा फरक पडतो, त्याला चाकाच्या वजनापेक्षा टायरची रुंदी आणि रबराचा प्रकार अधिक जबाबदार असतात, असे माझे मत आहे.

बसवण्याच्या कामाबद्दल दुकानाला चांगले गुण द्यावे लागतील. कारागिराने आधी तारेच्या ब्रशने हबवरचा गंज काढला, आणि चाकाचे मधले भोक गाडीच्या 54.1 मिलिमीटर हबपेक्षा मोठे असल्याने मध्ये प्लास्टिकची रिंग घातली. ती नसती तर बॅलन्सिंग नीट करूनही ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरण्याची शक्यता होती. नट एअरगनने शेवटपर्यंत न आवळता टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केले. टायरवरचा चार अंकी उत्पादन-शिक्का, म्हणजे आठवडा आणि वर्ष, आपणहून दाखवला. बिलावर मात्र तो लिहिला नाही, तो लिहावा अशी विनंती आहे. शनिवारी संध्याकाळी गर्दीमुळे बराच वेळ थांबावे लागते. चार अलॉयचे सुमारे सव्वीस हजार रुपये झाले, टायर आणि अलाइनमेंट वेगळे.

जुन्या चौदा इंची चाकांपैकी एक स्टेपनी म्हणून ठेवले आहे. व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक नसल्याने ते तात्पुरते चालते. फक्त अलॉयसोबत वेगळे नट मिळाल्यामुळे डिस्कचे मूळ चार नट पिशवीत घालून स्टेपनीजवळच ठेवायला दुकानदारांनी सांगितले.