छोट्या ट्रॅक्टरला गोल बेलर की चौकोनी?

मुरबाड-शहापूरकडच्या लहान खाचरांत २५-३० एचपीचा ट्रॅक्टर असेल, तर मिनी गोल बेलरच (पेंढा गोळा करून त्याच्या गाठी बांधणारं यंत्र) घ्यावा. पीटीओ (ट्रॅक्टरवरून बेलर फिरवणारा शाफ्ट) ५४० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवायचा. पेंढ्याची ओळ पिकअपच्या (बेलरचा पेंढा उचलून आत घेणारा भाग) पूर्ण रुंदीत जाऊ द्यायची. एकाच बाजूने भरलं की गाठ शंकूसारखी होते आणि सुतळी घसरते. बांधणी होईपर्यंत ट्रॅक्टर दर गाठीला थांबवावा लागतो, हे खरं.

चौकोनी बेलर न थांबता चालतो, गाठी टेम्पोत घट्ट रचता येतात. पण पेंढा दाबणाऱ्या प्लंजरचे धक्के हलक्या ट्रॅक्टरला झेपत नाहीत. सुतळी बांधणाऱ्या नॉटरमध्ये कचरा अडकला तर गाठी सुटतात.

दोन्हींत दव उडाल्यावरच सुरुवात करा. पिळल्यावर पेंढा कडकन मोडला पाहिजे. ओला भरला तर आत तापून बुरशी धरते.