दुर्मीळ पक्षी दिसला, आता बातमी कुठे टाकावी?

रेकॉर्ड शॉट, म्हणजे पुराव्यापुरता फोटो, मिळाला, ओळख जवळपास पटली, आणि हात फोनकडे गेला. महाराष्ट्रातल्या पक्षीनिरीक्षकापुढे अशा वेळी मुख्यतः चार वाटा असतात: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप आणि संकेतस्थळ), आयनॅचरलिस्ट (कुठल्याही सजीवाची नोंद आणि ओळख करणारं तसंच व्यासपीठ) आणि फेसबुक-इन्स्टाग्राम. बरेच जण हौसेने चारही ठिकाणी एकदम टाकून मोकळे होतात. मी तसं करत नाही. पक्षी वाटसरू आहे की मुक्कामाला आहे, हे आधी बघावं आणि मगच वाट निवडावी.

वेगात व्हॉट्सअ‍ॅपला तोड नाही. अमूर ससाण्याचंच घ्या. पूर्व आशियातून आफ्रिकेकडे निघालेले हे ससाणे नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर थोडे दिवस थांबतात आणि मग अरबी समुद्र ओलांडतात. त्यांची बातमी दोन दिवस उशिरा कळून काय उपयोग? ईबर्डचाही दुर्मीळ पक्ष्यांचा अलर्ट आहे, तो तासातासाने किंवा दिवसातून एकदा ईमेलवर येतो. पण कोणी चेकलिस्ट, म्हणजे दिसलेल्या पक्ष्यांची यादी, चढवली तरच! आपल्याकडे बहुतेक लोक घरी जाऊन, जेवण उरकून मग याद्या भरतात. (इंग्लंडमध्ये नॉरफकच्या क्ले गावात नॅन्सीज कॅफे होता. 1980च्या दशकात देशभरातले पक्षीवेडे तिथे फोन करायचे, आणि फोनच्या जवळ बसलेलं गिऱ्हाईक घास बाजूला ठेवून कुठे काय दिसलं ते सांगायचं. वेगाची ओढ जुनीच आहे.)

खात्रीच्या बाबतीत मात्र व्हॉट्सअ‍ॅप लंगडं पडतं. तिथे जो आधी आणि ठामपणे बोलतो त्याची ओळख चालून जाते. गरुडांच्या, विशेषतः वयात न आलेल्या गरुडांच्या फोटोंवर हे नेहमी घडतं. ईबर्डमध्ये त्या भागात, त्या महिन्यात अपेक्षित नसलेला पक्षी नोंदवला की अ‍ॅप लगेच तपशील मागतं. मग स्वयंसेवी परीक्षक ती नोंद तपासतो आणि शंका असेल तर तुम्हाला विचारतो. नवख्यांना याचा राग येतो. येऊ द्या, ती पोलीस चौकशी नाही. फोटो आहे पण नावच सुचत नाही, अशा वेळी आयनॅचरलिस्ट बरं: तिथे फोटो किंवा आवाज टाकला की इतर लोक ओळख सुचवतात, आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं जुळली की ती पक्की धरतात.

नोंद टिकण्याचा प्रश्न लवकर मिटतो. ग्रुपवरची बातमी दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभाताखाली गाडली जाते. ईबर्डवरची नोंद अभ्यासकांच्या हाती राहते. 2023 सालचा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल सुमारे 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवर उभा राहिला, आणि त्या सगळ्या ईबर्डवरच्या होत्या.

खरा पेच गुप्ततेचा आहे. तिबोटी खंड्या पावसाळ्यात कोकणात विणीला येतो आणि ओढ्याकाठच्या, कधी रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. त्या बिळाची पिन एका ग्रुपवर पडली की शनिवारी समोर ट्रायपॉडांची रांग लागते. चोचीत पाल किंवा बेडूक धरलेला पक्षी फांदीवर ताटकळतो, कारण बिळात शिरायची त्याची हिंमत होत नाही. रानपिंगळा या छोट्या घुबडाची तऱ्हा आणखी नाजूक. 1884 नंतर तो शास्त्रज्ञांना पुन्हा सापडला थेट नोव्हेंबर 1997 मध्ये, शहाद्याजवळ. तो दिवसाही वावरतो आणि आवाजाला उत्तर देतो. त्यामुळे मोबाइलवर कॉल लावून त्याला बाहेर काढणं सोपं, आणि तितकंच वाईट.

ईबर्ड संवेदनशील यादीतल्या जातींचं नेमकं ठिकाण आपण होऊन दडवतं. बाकीच्यांसाठी आख्खी चेकलिस्ट लपवता येते आणि घरटं रिकामं झाल्यावर पुन्हा उघडता येते. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींचा नकाशावरचा ठिपका सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी सरकवतं, इतर जातींसाठी तुम्ही स्वतः तसं करू शकता. व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं काहीच नाही. एका ग्रुपात 1,024 माणसं मावतात आणि ‘कृपया पुढे पाठवू नका’ ही सूचनासुद्धा पुढे जाते. आणखी एक बारकावा: मोबाइलने काढलेला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर त्यात साठवलेले जागेचे अक्षांश-रेखांशही सोबत जातात. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला, तर जात नाहीत.

फेसबुक-इन्स्टाग्रामबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. लोकेशन टाकलं नाही तरी मागचा डोंगर, देवळाचा कळस, विजेचा खांब बघून जाणकार जागा ओळखतात. पण एका कामात ही माध्यमं बाकीच्या तिघांना भारी पडतात. पाणथळ जागेवर भराव पडायला लागला की चेकलिस्टने गर्दी जमत नाही, फोटोने जमते. नवी मुंबईतल्या रोहित पक्ष्यांच्या तलावांसाठी लोक बोलू लागले, त्यात अशा फोटोंचा मोठा हात आहे.

म्हणून माझी विभागणी अशी. वाटसरू पक्षी, तोही सार्वजनिक जागी: व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच, नेमक्या जागेसह, आणि त्याच रात्री ईबर्डवर. जागा कुणाचं शेत असेल, तर पिन टाकण्याआधी मालकाला विचारा. उभ्या ज्वारीत शिरलेल्या गाड्यांवरून त्याचं बोलणं पुढच्या प्रत्येक पक्षिमित्राला ऐकावं लागतं. घरटं, दिवसा झोपलेलं घुबड, रानपिंगळा, माळढोक: फक्त ईबर्ड, चेकलिस्ट लपवून, आणि फार तर एखाद्या विश्वासू जाणत्याच्या कानावर. इन्स्टाग्रामवर टाकायचंच तर हंगाम सरल्यावर, आणि तालुक्याचं नावही न घालता. ओळखच पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट. ग्रुपवर चुकीचं नाव एकदा पसरलं की दुरुस्तीचा मेसेज कोणी वाचत नाही.

पायात अभ्यासकांनी घातलेली कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला, तर वरच्या चारही वाटा नंतर. आधी पट्टीचा रंग, ती कुठल्या पायात आहे ते आणि वाचता आलेली अक्षरं टिपून घ्या आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. फोटो अंधूक असला तरी सोबत पाठवा.